न धरलेलं वर्ष

“तुमचा नोंदणी नंबर काय हो, सिस्टर?” सुकेशनी मॅडमनी हे इतक्या सहज विचारलं की विचारताना त्यांनी फॉर्मवरून मानही वर केली नाही. पालकाच्या रकान्यात राजेश्रीनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, नात्यापुढं आत्या आणि व्यवसायापुढं नर्स. चौदा वर्षं ती हा शब्द असाच लिहीत आली होती. गॅसच्या पुस्तकावर, बँकेत, खोलीच्या भाड्याच्या कागदावर. कुठंच तिचं पेन अडलं नव्हतं. मॅडमच्या आवाजात संशयही नव्हता. असलीच तर एकाच कामातल्या दोन बायांमध्ये असते तेवढी जवळीक होती. “घरी हाय,” राजेश्री म्हणाली. “पाठ न्हाई माझा.” मॅडम हसून म्हणाल्या, “असू द्या, मला तरी कुठं माझा पाठ आहे,” आणि त्यांनी तो रकाना तसाच रिकामा सोडून पान उलटलं. राजेश्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या खुर्चीवर अपेक्षा बसली होती. तिनं आत्याकडं एकदा पाहिलं आणि लगेच नजर भिंतीवरच्या हाडांच्या चित्रावर नेली. पोरीला काही कळलं की काय, असं राजेश्रीला वाटलं, आणि मग कळलं तर कळू दे, असंही वाटलं, आणि या दोन्ही वाटण्यांचा तिला संताप आला. परभणीच्या त्या नर्सिंग कॉलेजच्या कचेरीत पंखा फिरत होता, खिडकीबाहेर पांढऱ्या गणवेशातल्या मुली ओळीनं बसमध्ये चढत होत्या, आणि राजेश्री आपल्या तळहातांना सुटलेला घाम साडीला पुसत बसली होती.

आली होती ती वेगळ्याच कामासाठी. अपेक्षा तिच्या थोरल्या भावाची, परमेश्वरची मुलगी. बोरीच्या शाळेतून बारावी झाली आणि गेल्या वर्षी पालमच्या एका संस्थेत नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला लागली. वर्ष संपलं. परीक्षा झाली, पण निकाल आलाच नाही. मुलींमध्ये कुजबुज सुरू झाली की संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यताच नाही. तेव्हा राजेश्रीनं दवाखान्यातून एक दिवसाची सुट्टी काढली आणि पोरीला इथं आणलं, सरळ दुसऱ्या वर्षाला घेता का विचारायला. मॅडमनी मोबाईलवर मान्य संस्थांची यादी काढून बघितली. शांतपणे दोनदा बघितली. “ही संस्था यादीत नाही. मागच्या वर्षीही नव्हती. ही यादी कुणालाही बघता येते हो.” मग त्यांनी अपेक्षाला विचारलं, “तिथं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घेतला होता?” अपेक्षा म्हणाली, “न्हाई. सर म्हणले, पोर्टल बंद हाय.” “वर्षभर बंद?” मॅडमनी मोबाईल खाली ठेवला. “मान्यता नसली की शिष्यवृत्ती नाही,” मॅडम म्हणाल्या. “तीच पहिली खूण असते. स्वस्त वाटतं म्हणून लोक जातात आणि महागात पडतं. आमची फी जास्त दिसते, पण तुमच्या मुलीला यातली बरीच माफ होईल.” ही खूण आपल्याला दिसायला हवी होती, हे राजेश्रीला आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं. दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांची सगळी कार्डं आणि योजना तिला तोंडपाठ होत्या, आणि स्वतःच्या भाचीच्या वेळी तिनं एक शब्द विचारला नव्हता.

“पण शिकली तर हाय ती,” राजेश्री म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “बीपी घेती, इंजेक्शन देती, ड्रेसिंग करती. वर्षभर राबली पोरगी.” मॅडम म्हणाल्या, “शिकली असेल. मी नाही म्हणत नाही. शिकणं वेगळं आणि ते वर्ष धरणं वेगळं. हे वर्ष मला धरता येणार नाही.” तेव्हा राजेश्रीनं पर्समधून पालमच्या संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक काढून टेबलावर सरकवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लाल अक्षरांत लिहिलं होतं, श्रेयांक हस्तांतरणाची हमी. म्हणजे इथं शिकलेलं दुसऱ्या कॉलेजात मोजून घेतात, असं तिला गेल्या वर्षी समजावून सांगितलं होतं, आणि तिनं ते तसंच्या तसं भावाला समजावलं होतं. मॅडमनी ती ओळ वाचली. “मोजून घेतात, पण मान्यता असलेल्या दोन ठिकाणांमध्ये. ज्याला त्याच्या जागीच किंमत नाही, ते मी इथं काय मोजू, ताई?” मघाशी सिस्टर होतं, आता ताई झालं. मॅडमच्या ते लक्षातही आलं नसेल. राजेश्रीच्या मात्र बरोबर लक्षात आलं. पहिल्या वर्षाच्या दोन जागा शिल्लक आहेत, शुक्रवारपर्यंत मूळ कागद घेऊन या, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलींना बोलवावं लागेल, एवढं सांगून मॅडमनी नियमांचा छापील कागद तिच्या हातात दिला. बाई चांगली होती. चांगली होती म्हणूनच तिचा जास्त राग आला.

फाटकाबाहेर आल्यावर अपेक्षा म्हणाली, “आत्या, मूळ कागद सरांकडंच हायेत.” “कोणते?” “सगळेच. बारावीचं, टीसी, जातीचं, व्हॅलिडिटी.” जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यासाठी परमेश्वरनं मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून किती खेटे घातले होते हे राजेश्रीला माहीत होतं. “अक्कल कुठं ठेवली व्हती देताना?” ती रस्त्यावरच म्हणाली. अपेक्षानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “तूच म्हणलीस फोनवर. मागतील ते दे म्हणून. आपल्या डॉक्टरांच्या घरची संस्था हाय म्हणून.” हे खरं होतं. गेल्या वर्षी दवाखान्यात दुपारचा चहा घेताना डॉक्टर म्हणाले होते, राजेश्री, माझ्या मेव्हण्यानं पालमला नर्सिंग स्कूल काढलंय, तुझ्या भाचीला तिकडं टाक, घरच्यासारखं बघेल तो. चहा हातात होता, आणि डॉक्टरांनी तिला बसून चहा घ्यायला सांगितलं होतं, एवढ्यावर ती भुलली होती. तिथून तिनं बोरीला फोन लावला, आणि परमेश्वरनं फीसाठी आठवड्यात गाभण मेंढ्या विकल्या. गाभण मेंढी कुणी विकत नाही. त्यांचा बाप, आबा, जिवंत असता तर त्यानं विकू दिल्या नसत्या. “चल,” राजेश्री म्हणाली. “कुठं?” “पालमला. आत्ता.”

गाडी गंगाखेडकडं निघाली तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून तिच्या उजव्या दंडावर पडत होतं आणि ती दंड हलवत नव्हती. तिला तो भाजून घ्यायचा होता. मांडीवर मॅडमनी दिलेला कागद होता. त्यात वयाची अट होती, सतरा ते पस्तीस. तिला छत्तिसावं लागून चार महिने झाले होते. बघण्याचं काही कारण नव्हतं, तरी तिनं ती ओळ तीनदा वाचली. पस्तीस पूर्ण व्हायच्या आत पुष्कळ दिवस होते, एकेक करून ते सगळे दवाखान्यात गेले, चादरी, सलाईन, बाळंतिणी, अपघातातली माणसं, आणि त्यातल्या कुठल्याच दिवशी तिला कुणी सांगितलं नाही की बाई, दार बंद व्हायलंय. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं का? तिला माहीत होतंच की. ती वीस वर्षांची असताना नवऱ्याच्या घरून परत आली, तेव्हा आबानं, म्हणजे येडबानं, तिला परभणीच्या एका नर्सिंगच्या वर्गात घातलं होतं. मंगल कार्यालयाच्या वरचा मजला, खाली लग्नाचे बँड वाजायचे आणि वर बाई हृदयाचे कप्पे शिकवायची. डोक्यावर खळ घातलेली टोपी होती. आबा पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा ती टोपी बघून दारातच थांबला, आत येईना, घोंगडीला मेंढरांचा वास येतो म्हणून. परीक्षेचे पेपर कुठल्या तरी लांबच्या राज्यातून आले आणि सर्टिफिकेटही तिथूनच आलं, सोनेरी कडा असलेलं. तीन वर्षांनी त्या वर्गाच्या जागी मोबाईलचं दुकान निघालं. आणखी दोन वर्षांनी सरकारी भरतीची जाहिरात आली. फॉर्मच्या खिडकीतल्या माणसानं ते सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, हे चालत नाही, कौन्सिलचं आणा. त्या दिवशी ती चालत चालत स्टेशनपर्यंत गेली, परत आली, कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी घातला आणि संध्याकाळच्या ड्युटीवर हजर झाली. त्या संध्याकाळी तिनं नेहमीपेक्षा जास्त चांगलं काम केलं. एका म्हाताऱ्याची शीर सापडत नव्हती, तिला पहिल्या टोचणीत सापडली. म्हाताऱ्याच्या लेकानं हात जोडले. तेव्हा तिला वाटलं होतं की कागदाचं काय घेऊन बसायचं, हात खरे आहेत. नऊ वर्षं ती याच एका वाक्यावर जगत आली होती. आज गाडीत बसून ते वाक्य तिनं पुन्हा मनात म्हणून बघितलं आणि तिला त्याची किळस आली. हात खरे होते म्हणून डॉक्टर तिला निम्म्या पगारात वापरत होते. हात खरे होते म्हणूनच ती भावाला छातीठोकपणे सांगू शकली, की पोरगी पाठव, मी हाय ना. शेजारी अपेक्षा बिस्किटं खात होती, सावकाश, कडेनं एकेक तुकडा तोडत. तिनं पुडा पुढं केला. राजेश्रीनं मान फिरवली. एवढं घडूनही हिला भूक लागते याचा तिला राग आला, आणि गंगाखेड मागं पडल्यावर लक्षात आलं की पोरीनं सकाळपासून काही खाल्लेलंच नाही.

संस्था पालमच्या स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर होती, खाली टायरचं दुकान आणि वर दोन मजले. योगीराज सर कचेरीतच होते. डॉक्टरांचा मेव्हणा, पांढरा शर्ट, आवाज मऊ. राजेश्रीला बघून ते उठून उभे राहिले. “या ताई, दाजी कसे आहेत?” त्यांनी पाणी मागवलं. राजेश्री उभीच राहिली. “अपेक्षाचे कागद पायजेत. मूळ.” सर बसले. त्यांनी घाईघाईनं काहीही नाकारलं नाही, हीच त्यांची रीत असावी. मान्यतेची फाईल वर गेलीय, सही तेवढी राहिलीय, दुसऱ्या वर्षाला बसू द्या, पेपर बाहेरच्या राज्यातून घेऊ, सर्टिफिकेट येतंच. मध्येच सोडलं तर मात्र तीन वर्षांची जागा अडवली असं धरावं लागतं, तेवढी फी भरली की कागद लगेच. “मान्यता न्हाई अन् जागा कसली अडवली?” राजेश्री म्हणाली. सर दुखावल्यासारखे झाले. “ताई, एक सांगू? तुम्ही चौदा वर्षं दाजींकडं आहात. तुम्हाला कुणी विचारलं? पेशंट हात बघतो, कागद बघत नाही. तुमचंच उदाहरण मी इथं मुलींना देतो.”

तुमचंच उदाहरण. तिच्या जिभेला तांब्याच्या नाण्यासारखी चव आली. वरच्या मजल्यावरून मुलींचा पाठ म्हटल्याचा आवाज येत होता, नाडीचे ठोके, श्वासाची गती, आणि त्यांना हा माणूस खालून वर जाऊन तिचं नाव सांगत होता. ती खळ घातलेली टोपी, ते हृदयाचे कप्पे, ती सोनेरी कड, सगळं अजून चालूच होतं, आणि या खेपेला त्या फळ्यावर तीच लिहिलेली होती. “मी तक्रार करीन,” ती म्हणाली. “करा ना,” सर म्हणाले, अजून त्याच मऊ आवाजात. “तक्रारीत तक्रारदाराचं नाव, हुद्दा, नोंदणी लिहावी लागते. काय लिहाल? आणि मग दाजींना त्रास, तुम्हाला त्रास. विनानोंदणी सुई टोचायला बंदी आहे म्हणतात.” राजेश्रीनं त्यांच्याच प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला, त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं, आणि खुर्चीत बसून लिहायला लागली. तिचं अक्षर मोठं, शाळेतलं होतं. मी राजेश्री येडबा देवकते, राहणार परभणी, मूळ गाव बोरी, तालुका जिंतूर. मी चौदा वर्षे खासगी दवाखान्यात नर्सचे काम करते. माझी कौन्सिलकडे नोंदणी नाही. माझ्याकडे जे सर्टिफिकेट आहे ते चालत नाही हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. एवढं लिहून ती थांबली. चौथं वाक्य कागदावर बघताना तिचा राग आणखी चढला, पण हा राग आता योगीराज सरांवर नव्हता, आणि कुणावर आहे हे तिला नक्की सांगता आलं नसतं. तिनं पुढं लिहिलं. या संस्थेत माझ्या सांगण्यावरून माझ्या भाचीला घातले.

अपेक्षा कधी उठून गेली हे दोघांनाही कळलं नाही. वरचा पाठ एकदम बंद पडला. मग जिन्यात चपलांचे आवाज आले आणि गुलाबी गणवेशातल्या मुली एकामागं एक खाली उतरून कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या, चौदा-पंधरा असतील. पुढं अपेक्षा होती आणि तिच्या शेजारी एक उंच, सावळी मुलगी. तीच म्हणाली, “सर, आमी बी यादी बघितली मोबाईलवर. आमचे बी कागद द्या.” सरांनी पहिल्यांदा आवाज चढवला, “धम्मशीला, वर्गात जा.” धम्मशीला गेली नाही. सर किल्ल्यांचा जुडगा चाळत राहिले, मग त्यांनी कपाट उघडलं, अपेक्षाची फाईल काढून टेबलावर आपटली आणि कपाट पुन्हा लावून घेतलं. “ही घ्या. निघा तुम्ही. बाकीच्यांचं प्राचार्य आल्यावर बघू, उद्या.” राजेश्रीनं फाईलमधला एकेक कागद तपासला. सगळे होते. ती उठली, लिहिलेला कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि मुलींच्या मधून वाट काढत बाहेर आली. एकीनंही तिला अडवलं नाही, त्या फक्त बाजूला झाल्या. रस्त्यावर येईपर्यंत तिनं मागं बघितलं नाही. अपेक्षा मात्र दारात थांबून धम्मशीलाचा नंबर लिहून घेत होती.

परतीच्या गाडीत अपेक्षा म्हणाली, “आत्या, तू जे लिहिलंस ते खरं हाय?” “हाय.” “नऊ वर्षं?” “हाय म्हणलं ना.” अपेक्षा म्हणाली, “मग मला कशाला घातलंस तिथं?” आवाजात भांडण नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी बसायला सांगून चहा दिला होता म्हणून, असं पोरीला कसं सांगणार? की माझं चाललं तसं तुझं चालेल असं कुठंतरी तळात वाटलं होतं म्हणून? की तुला खरं सर्टिफिकेट मिळालं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं म्हणून? हा शेवटचा विचार आपला आहे की कुणी बाहेरून आणून ठेवला, हे तिला कळेना. तिनं तो बाजूला सारला. तो गेला नाही. फाईल मिळाली होती, काम झालं होतं, आता पर्समधला कागद फाडून खिडकीतून सोडून द्यायला काहीच हरकत नव्हती. तिनं दोनदा पर्सची चेन उघडली. दोन्ही वेळा तिला दारात बाजूला झालेल्या त्या मुली दिसल्या, तिच्यासाठी वाट करून देणाऱ्या.

खोलीवर पोचल्यावर दिवेलागणीला तिनं परमेश्वरला फोन लावला. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता, तो त्यांना वाड्यात कोंडायलाच निघाला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, वर्ष गेलं, पुन्हा पहिल्यापासून, कागद मिळाले, नवं कॉलेज चांगलं आहे, शिष्यवृत्ती लागेल. मग श्वास घेऊन म्हणाली, “दादा, अजून एक हाय. माझं बी सर्टिफिकेट खरं न्हाई. कौन्सिलचं न्हाई ते.” परमेश्वर म्हणाला, “ठाव हाय मला.” राजेश्रीला वाटलं त्यानं नीट ऐकलं नाही. “काय ठाव हाय?” “तुझा कागद आला त्याच वर्षी आबानं इचारलं व्हतं, जिंतूरला, सरकारी दवाखान्यात. तिथल्या बाईनं सांगितलं, ह्या कागदाला अर्थ न्हाई म्हणून. आबा मला म्हणला, तिला सांगू नको, मन मोडंल तिचं.” “अन् तुला ठाव असताना तू पोरगी माझ्या भरवशावर...” परमेश्वरचा आवाज अगदी साधा होता. “तुझं चाललंच की त्याच्यावर. चौदा वर्षं कुणी इचारलं का तुला? म्हणलं, हिला तरी कोण इचारतंय. तुझ्यासारखं निघंल तिचं बी.” मागं एक मेंढी ओरडली आणि तो तिला काहीतरी म्हणाला. “राजे, ऐकायलीस ना? जाऊ दे आता. तू काय मुद्दाम केलंस व्हय.”

फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून बसली. आबाला ठाऊक होतं. दारात थांबलेला, घोंगडीचा वास येतो म्हणून आत न आलेला आबा, तो पुढं आठ वर्षं ती सणाला बोरीत आली की तिला चारचौघांत सिस्टर म्हणायचा, आणि त्याला ठाऊक होतं. तिचं मन मोडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून तिला खोट्यात सुखी ठेवलं होतं, आणि ते खोटं इतकं नीट चाललं की शेवटी त्यालाच बघून एका पोरीचं वर्ष आणि भावाच्या गाभण मेंढ्या गेल्या. तिला आबावर रागावता येत नव्हतं, तो नव्हता. भावावर रागावता येत नव्हतं, त्यानं तिच्यासारखं निघंल असं म्हटलं होतं, म्हणजे चांगलं निघंल असंच त्याला म्हणायचं होतं. हीच गोष्ट तिला सहन होईना. चौदा वर्षं तिनं कुणाला फसवलं नव्हतं असं ती समजत होती, आणि तिचं नुसतं जगणंच लोकांना पुरावा झालं होतं. अपेक्षा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी भाकरी थापत होती. राजेश्रीनं पर्स जवळ ओढली, कागद काढला आणि पुढं लिहायला घेतलं. दवाखान्याचं नाव लिहिलं, डॉक्टरांचं लिहिलं, पालमच्या संस्थेत अजून चौदा-पंधरा मुलींचे मूळ कागद अडकलेत हे लिहिलं. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाऊन तिनं तो रजिस्टर केला, एक कौन्सिलला आणि एक प्रत कलेक्टर कचेरीला, आणि तिथून सरळ कॉलेजात जाऊन अपेक्षाचं नाव पहिल्या वर्षाला घातलं. सुकेशनी मॅडमनी फॉर्म पुढं केला तेव्हा व्यवसायाच्या रकान्यातला शब्द तिनं खोडला. मॅडम बघत होत्या. खोडलेल्या जागी सही लागते, एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांना तिनं स्वतःच सांगितलं, त्याच दिवशी, त्यांच्या केबिनमध्ये उभं राहून. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले. “योगीराजचं तो बघेल. पण तू माझं नाव कशाला घातलंस? तुला काय कमी केलं मी?” ती म्हणाली, “निम्मा पगार.” डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले, जणू खोलीतल्या टेबलानं तोंड उघडलं होतं. चार दिवसांत त्यांनी दिपाली नावाची एक नोंदणी असलेली, नुकती पास झालेली मुलगी कामावर घेतली आणि भिंतीवर कर्मचाऱ्यांची नवी यादी लावली. पहिलं नाव दिपालीचं, परिचारिका. सगळ्यात खाली राजेश्री देवकते, मदतनीस. “कागदापुरतं आहे,” ते म्हणाले. “चौकशी होईपर्यंत. काम आपलं तेच, पगार तोच.” राजेश्रीनं यादी वाचली. “मदतनीस म्हणजे मावशी ना?” “नावाला गं.” “बरं,” ती म्हणाली आणि मोरीतून बादली घेऊन आली. त्या दिवसापासून तिनं सुईला हात लावला नाही. पेशंटना शौचाची भांडी दिली, चादरी बदलल्या, फरशी पुसली. डॉक्टर पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी चिडले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, मग पगारही मावशीचाच मिळेल. “द्या,” ती म्हणाली. त्यात अपेक्षाचा डबा आणि खोलीचं भाडं कसं बसवायचं हे तिला माहीत नव्हतं. कॉलेजातून आल्यावर अपेक्षा शेजारच्या दोन पोरांची शिकवणी घ्यायला लागली होती, न सांगता. धम्मशीलाचा फोन यायचा अधूनमधून. पालमला तहसीलमधून माणसं येऊन गेली होती, सहा मुलींना कागद मिळाले होते, बाकीच्यांना नाही.

एका सोमवारी चारठाण्याहून एक तीन वर्षांची मुलगी आणली, जुलाबानं सुकलेली, डोळे आत गेलेले, रडायलाही त्राण नसलेली. सलाईन लावायला शीर सापडेना. दिपालीनं दोन्ही हातांवर मिळून तीनदा टोचलं, तिच्या कपाळावर घाम आला, पोरीची आई भिंतीशी पदर तोंडात धरून उभी होती. राजेश्री पलीकडच्या खाटेखाली फरशी पुसत होती. “राजेश्री, ये इकडं,” डॉक्टर म्हणाले. ती आली नाही. “राजेश्री, लेकरू आहे हे.” तिनं ओलं फडकं बादलीच्या काठावर ठेवलं आणि उठली. खाटेजवळ गेली, आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून दिपालीच्या खांद्याशी उभी राहिली. तिची बोटं मागं एकमेकांत रुतत होती, त्यांना सगळं ठाऊक होतं, ती आपणहून पुढं यायला बघत होती. “हात सोड,” ती दिपालीला म्हणाली. “पाय घे. घोट्याच्या हाडाच्या पुढं, आतल्या अंगाला. दिसणार न्हाई. बोटानं चाचप, दोरीवानी लागंल. घाई करू नको.” दिपालीनं चाचपलं. “लागतंय?” “हो... हो, लागतंय.” “आता सुई आडवी धर. अजून आडवी. जा.” नळीच्या टोकाला रक्ताचा थेंब आला. दिपालीनं श्वास सोडला आणि चिकटपट्टी लावली. सलाईन थेंब थेंब चालू झालं. मुलीची आई खाली बसली.

डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलले. “तू एका मिनिटात केलं असतंस. त्या लेकराला तीनदा टोचलं तुझ्या हट्टापायी.” राजेश्रीनं पोरीच्या हातांकडं पाहिलं. तिथं कापसाचे तीन बोळे चिकटवलेले होते. हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिला रात्रंदिवस आठवत राहणार होतं, आणि तरीही ते सांगायचा हक्क या माणसाला नव्हता. तिनं बादली सरकवत आणली, फडकं पिळलं आणि गुडघ्यांवर बसली.

“पाय उचला, डॉक्टर,” ती म्हणाली. “पुसायचंय.”

डॉक्टरांनी पाय उचलला.